पाठीशी घालणे आणि पाठीशी उभे राहणे
(मराठी लेखन-चित्रपटांतील पोलिसांची आपापसांतील सोबत : एक तपासणी)

दरवर्षी २१ ऑक्टोबरला प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात शोकसलामी होते. १९५९ साली याच तारखेला लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याने भारतीय पोलिसांच्या तुकडीवर हल्ला केला आणि दहा जवान मारले गेले. त्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. बुलडाण्यातही मुख्यालयाच्या मैदानावर तुकडी उभी राहते, शस्त्रे उलटी होतात आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर मरण पावलेल्यांची नावे वाचली जातात. दिवाळी कधी चार दिवस आधी असते, कधी नंतर. आकाशकंदील लावण्याच्या धांदलीत ही बातमी स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर येते आणि जाते.

त्या नावांच्या वाचनाकडे एक मजकूर म्हणून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात नाव असते, हुद्दा असतो, घटक असतो. त्या माणसाबरोबर त्या वेळी कोण होते, त्याला कोणी सावध केले होते का, मदत किती वेळात पोहोचली, हे त्यात नसते. शोकसलामीत ते असावे अशी अपेक्षाही नाही. पण मग ते कुठे असते? कथा, चित्रपट, आत्मकथन, चरित्र या आपल्या वाङ्मयात पोलीस एकमेकांना कसे सांभाळतात, याचे चित्र कसे आले आहे? प्रस्तुत लेखाचा प्रश्न एवढाच आहे.

दोन वाक्प्रचार

मराठीत दिसायला सख्खे भाऊ वाटावेत असे दोन वाक्प्रचार आहेत : ‘पाठीशी उभे राहणे’ आणि ‘पाठीशी घालणे’. दोन्हींत पाठ तीच, पण अर्थ उलटे. पाठीशी उभा राहणारा संकट येण्याआधीच जागेवर असतो. पाठीशी घालणारा चूक घडून गेल्यावर ती झाकायला येतो. पहिल्याला आपल्या माणसाची काळजी असते, दुसऱ्याला आपल्या टोळीची. भाषेने हा भेद इतका स्वच्छ केलेला असताना पोलिसांविषयीच्या आपल्या लेखनाने मात्र तो पुसट केला आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे पोलिसांची आपापसांतील सोबत दोनच ठिकाणी रंगवली जाते. एक भ्रष्टाचार किंवा अत्याचार झाकताना, दुसरी तिरंग्यात गुंडाळलेल्या देहापाशी. या दोन टोकांच्या मध्ये जी रोजची, कंटाळवाणी, जीव वाचवणारी सोबत असते, तिला लेखक सहसा मिळालेला नाही.

पांडू आणि वेलणकर

१९७५ साली दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ आला. दादा कोंडके आणि अशोक सराफ यांची हवालदारांची जोडी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. चित्रपट विनोदी होता आणि विनोदी म्हणून तो मोठाच आहे. पण त्याचा एक परिणाम पडद्याबाहेर झाला. ‘पांडू’ हे शिपायाला हिणवण्याचे नाव बनले. चौकात उन्हात उभ्या असलेल्या माणसाला मागून ‘ए पांडू’ म्हणून पळणारी पोरे आजही आहेत. या जोडीत सोबत भरपूर आहे, पण ती गमतीची. दोघे एकत्र असल्याने एखाद्याचा जीव वाचतो, ही शक्यता त्या विनोदाच्या चौकटीत मावत नव्हती. हा त्या चित्रपटाचा दोष म्हणता येणार नाही. दोष असलाच तर पुढच्या पन्नास वर्षांत मराठी पडद्याला त्या दोन हवालदारांच्या तोडीची दुसरी, गंभीर जोडी उभी करता आली नाही, याचा आहे.

त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला १९८३ चा ‘अर्ध सत्य’ आहे. चित्रपट हिंदी, पण त्याची मुळे मराठी. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) हा सरळ माणूस गुंड-पुढारी रामा शेट्टीपुढे (सदाशिव अमरापूरकर) पुन्हा पुन्हा हरतो. डाकू पकडण्याचे श्रेय दुसऱ्याला मिळते. तो पितो, आणि त्या भरात कोठडीतल्या एका किरकोळ चोराला इतके मारतो की तो मरतो.

या चित्रपटाची चर्चा वेलणकरचे पौरुष, बापाशी असलेले नाते, व्यवस्थेची कोंडी या अंगांनी बरीच झाली. मला त्यातली दोन दुय्यम पात्रे महत्त्वाची वाटतात. पहिले, वरिष्ठ सहकारी हैदर अली (शफी इनामदार). तो वेलणकरला मनापासून जीव लावतो. वेलणकर अडचणीत आला की हैदर अली दिल्लीत वजन असलेल्या मध्यस्थाची वाट दाखवतो आणि प्रकरण निभावते. प्रेक्षकाला हायसे वाटते, कारण या क्षणी वेलणकरची बाजू न्यायाची आहे. पण नीट पाहिले तर हैदर अलीने शिकवले ते एवढेच की अडकलास तर सोडवणारा शोध. ‘तू आज ठीक दिसत नाहीस, आज कोठडीकडे जाऊ नकोस’ असे सांगणारा माणूस त्या ठाण्यात नाही. हैदर अली चांगला आहे, तरी त्याची मैत्री पाठीशी घालण्याच्या वाटेनेच जाते, कारण त्या व्यवस्थेत दुसरी वाटच कोणी आखलेली नाही.

दुसरे पात्र माइक लोबो (नसीरुद्दीन शाह). निलंबित, दारूत बुडालेला, ओळखीच्यांकडे पैसे मागत फिरणारा अधिकारी. वेलणकर त्याच्यात स्वतःचे उद्याचे रूप पाहतो आणि घाबरतो. लोबोला खात्याने टाकले, आणि सहकाऱ्यांनी पाचदहा रुपये देऊन वाटेला लावले. ज्या रात्री वेलणकरच्या हातून तो चोर मरतो, त्या रात्री कोठडीबाहेर त्याच ठाण्याचे लोक हजर असतात. त्यांपैकी एकाने त्याचा हात धरला असता तर दोन माणसे वाचली असती, चोर आणि वेलणकर. तेंडुलकर-निहलानींनी ही रिकामी जागा जाणून ठेवली असेल वा नसेल, पण चित्रपटाची खरी शोकांतिका मला तिथे दिसते.

२६/११ : दोन प्रकारचे लेखन

२६ नोव्हेंबर २००८ नंतर मराठी समाजाने पोलिसांविषयी पूर्वी कधी नव्हे इतके लिहिले आणि वाचले. त्यातला मोठा भाग गौरवाचा होता, आणि तो गौरव रास्तच होता. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांना २००९ च्या प्रजासत्ताकदिनी अशोकचक्र मिळाले. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे ओंबळे निःशस्त्र होते. गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत हाती लागला.

या प्रसंगाच्या वर्णनांत ओंबळे नेहमी एकटे असतात. चित्रात, पुतळ्यात, भाषणात एक माणूस आणि एक बंदूक. वस्तुतः तिथे डी. बी. मार्ग ठाण्याची अख्खी तुकडी होती. स्कोडा गाडीची खबर बिनतारी संदेशाने पोहोचली होती, रस्ता अडवला होता, गाडीच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या अतिरेक्यावर सहकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि ओंबळेंनी नळी धरली त्या क्षणी इतरांनी कसाबवर झडप घातली. यामुळे ओंबळेंचे धैर्य तसूभरही कमी होत नाही. उलट, त्या रात्री पोलिसांना मोठे यश मिळाले ते खबर, नाकाबंदी आणि तुकडी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तिथे, हे त्यातून कळते. एकट्या वीराची गोष्ट सांगताना आपण पुढच्या शिपायाला नकळत चुकीचा धडा देतो.

याच्या उलट बाजूचे पुस्तक म्हणजे विनीता कामटे यांनी विनीता देशमुख यांच्यासह लिहिलेले ‘टू द लास्ट बुलेट’. नोव्हेंबर २००९ मध्ये ते इंग्रजीत आले, नंतर मराठीत. पतीच्या मृत्यूनंतर एखाद्या पत्नीने आठवणी लिहाव्यात, ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. हे पुस्तक त्या परंपरेत बसते आणि तिच्या बाहेरही जाते. कामटेबाईंनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षातील संदेशांच्या नोंदी मिळवल्या आणि कामा रुग्णालयाच्या मागच्या बाजूने कुमक मागितली गेली तेव्हा काय झाले, हा प्रश्न वेळेच्या हिशेबाने विचारला. रंगभवनच्या गल्लीत त्या क्वालिस गाडीत सात पोलीस होते. सहा मारले गेले. जखमी अरुण जाधव गाडीच्या मागच्या भागात, सहकाऱ्यांच्या देहांसोबत पडून राहिले, अतिरेकी ती गाडी पळवत असतानाही. गाडी सोडली गेल्यावर त्यांनीच बिनतारी यंत्रावरून खबर दिली. त्या रात्री नियंत्रण कक्षाची जबाबदारी असलेले राकेश मारिया यांनी पुस्तकातले आरोप नाकारले. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पोलिसांविषयीच्या लेखनात इथे एक नवा प्रश्न आला. तो कसा मेला, यापेक्षा त्याच्याकडे मदत का पोहोचली नाही, हा प्रश्न. श्रद्धांजलीच्या भाषेला वेळापत्रकाची भाषा भिडली. करकरे यांच्या पत्नी कविता करकरे यांनी सुरक्षा जॅकेटच्या खरेदीची कागदपत्रे मागितली तीही याच जातीची चौकशी होती. दुःख कागद मागू लागले, हे आपल्या वाङ्मयाला नवे होते.

तिसरे उदाहरण सदानंद दाते यांचे. कामा रुग्णालयात ते छोट्या तुकडीसह वर पोहोचले. हातबॉम्बने ते आणि त्यांचे सहकारी जखमी झाले. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर तिथेच मारले गेले. जखमी सहकाऱ्यांना खाली पाठवून दाते मागे थांबले. पुढे त्यांनी मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचे नाव ‘वर्दीतल्या माणसाच्या नोंदी’ असे आहे. ‘पराक्रम’ किंवा ‘थरार’ हे शब्द शीर्षकात सहज आले असते. ‘नोंदी’ हा शब्द ठाण्यातला आहे. पोलिसाच्या लेखनाला पोलिसाच्याच कामातली शैली सापडू शकते, याची ती खूण वाटते.

जांभुळखेडा आणि आपला जिल्हा

मुंबईची गोष्ट मुंबईत राहत नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा भागात नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली. तिकडे खासगी वाहनातून निघालेल्या शीघ्र कृती दलाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवण्यात आली. पंधरा जवान आणि वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. त्या पंधरांपैकी दोघे आपल्या जिल्ह्यातले होते, एक मेहकरचा, दुसरा देऊळगाव राजा तालुक्यातला. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे मिळून गडचिरोलीत अठ्ठेचाळीस पोलीस मारले गेले होते. म्हणजे धडा नवा नव्हता. नक्षलग्रस्त भागात रस्ता तपासल्याशिवाय वाहनाने जाऊ नये, सगळ्यांनी एकाच गाडीत बसू नये, हे दलातल्या नव्या भरतीलाही शिकवले जाते.

या घटनेवर आपल्याकडे कविता झाल्या, फलक लागले, चौकांना नावे देण्याच्या मागण्या झाल्या. पण जिच्यावर कथा व्हायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे. गाडीत चढताना कोणाच्या तरी मनात शंका आली असणे शक्य आहे. ती बोलून दाखवण्याची सोय त्याला होती का? ‘साहेब, रस्ता पाहून जाऊ’ असे शिपाई वरिष्ठाला म्हणू शकतो का, आणि म्हटले तर त्याला भित्रा ठरवले जाते का? सुरक्षा जॅकेट, गाडी, शस्त्र यांची किंमत काढता येते. या एका वाक्याची किंमत अंदाजपत्रकात येत नाही.

आणि भूसुरुंगच हवा असे नाही. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांतून जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथे बस पेटून पंचवीस प्रवासी जळाले. अशा जागी रात्री जे पोलीस पोहोचतात त्यांच्या मागून भरधाव गाड्या येतच असतात. एकाने पंचनामा करायचा तर दुसऱ्याने बत्ती घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. सैलानीची यात्रा असो, शेगावचा प्रकटदिन असो, बंदोबस्तावर चौदा-सोळा तास उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्याने अर्धा तास बसू देणे हीसुद्धा सुरक्षाच. दुचाकीवरून परत निघालेल्या जोडीदाराला ‘झोप येते का रे?’ एवढे विचारणे हीदेखील. पोलिसांच्या बोलण्यात ‘जोडीदार’ हा शब्द रोज येतो. साहित्यात तो फक्त नवरा-बायकोसाठी राखून ठेवला आहे.

ही सोबत पुस्तकात का आली नाही?

पहिले कारण कायद्यात आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम २८ पोलिसाला सदैव कामावर असल्याचे मानते. जो सदैव कामावर आहे त्याच्या थकव्याची गोष्ट सांगायची तर सुरुवात आणि शेवट कुठे धरायचा? दुसरे कारण संघटनेचा अभाव. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा आल्या. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीस संघटनेची मान्यता काढून नेत्यांना अटक झाली, शिपाई रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावे लागले. गिरणी कामगारांचा संप त्याच वर्षीचा. त्या संपावर मराठीत कादंबऱ्या, नाटके, चित्रपट झाले. पोलिसांच्या त्या दिवसाला तसा वाटा मिळाला नाही. कामगाराला ‘आम्ही’ म्हणता येते. शिपायाचे ‘आम्ही’ शिस्तभंग ठरू शकते, म्हणून ते कुजबुजीत राहते आणि कुजबुज लेखकापर्यंत पोहोचत नाही.

तरीही बदल होतात, आणि ते बऱ्याचदा खालून येतात. मुंबईतल्या देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून. २०२० च्या एप्रिलअखेर, करोनाने पोलीस मरू लागल्यावर, मुंबईत पंचावन्नपुढच्या कर्मचाऱ्यांना घरी थांबण्यास सांगण्यात आले. याचा अर्थ तरुणांनी त्यांच्या वाट्याचे काम उचलले. पाठीशी उभे राहण्याचे याहून सरळ उदाहरण कुठले? पण यावर दर्जेदार मराठी कथा माझ्या वाचनात नाही.

एक रास्त आक्षेप

येथे एखादा वाचक म्हणेल की पोलिसांनी एकमेकांना सांभाळावे हे ठीक, पण आम्हाला भीती त्यांच्या एकीचीच वाटते. ज्याच्या घरातला माणूस कोठडीतून परत आला नाही त्याला ‘पोलिसांची सोबत’ हा शब्द कसा ऐकू येईल? डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला १९९६ साली अटकेचे नियम घालून द्यावे लागले, ते कोणाच्या तरी एकीमुळेच. हा आक्षेप टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिक होईल.

त्याचे उत्तर पुन्हा त्या दोन वाक्प्रचारांत आहे. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर एक पोलीस गुडघा टेकून बसला होता. सोबत तीन सहकारी होते. त्यांतल्या एका नवख्याने त्याला कुशीवर वळवायचे का, असे विचारले. नकार आला आणि तो गप्प राहिला. चौघेही पुढे दोषी ठरले. त्याच देशात न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी २०१६ पासून आपल्या लोकांना एक वेगळे शिक्षण देणे सुरू केले होते. सहकाऱ्याचा तोल जातो आहे असे दिसले तर मध्ये पडायचे, त्याला बाजूला घ्यायचे, आणि असे मध्ये पडणे ही गद्दारी समजायची नाही. कर्तव्यावरील मृत्यू कमी करण्यासाठी २०१० मध्ये तिथेच निघालेल्या ‘बिलो १००’ या मोहिमेचे नियमही असेच साधे आहेत. पट्टा बांधा, सुरक्षा जॅकेट घाला, वेग आवरा, या क्षणी महत्त्वाचे काय ते पाहा, सवयीने बेफिकीर होऊ नका. दोन्हींचा गाभा एकच आहे. सहकाऱ्याला थांबवण्याचा हक्क. जो ‘जॅकेट घाल’ म्हणू शकतो तोच ‘हात आवर’ म्हणू शकतो. म्हणून पोलिसाची सुरक्षितता आणि कोठडीतल्या माणसाची सुरक्षितता यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. ज्या ठाण्यात पहिली नाही, तिथे दुसरीही टिकणार नाही. वेलणकरच्या ठाण्यात दोन्ही नव्हत्या.

नोंदीतले साहित्य

अशी सोबत साहित्यात आणायची तर तिचे व्याकरण ठाण्यातच आहे. स्टेशन डायरीत बाहेर पडणाऱ्याची नोंद होते. कोण, कोणाबरोबर, कुठल्या कामी, किती वाजता रवाना, सोबत काय शस्त्र. आणि तो आला की ‘परत’ अशी नोंद पडते. कायद्याच्या लेखी हा हजेरीचा भाग आहे. पण रात्री अडीच वाजता ‘परत’चा रकाना भरलेला नाही म्हणून ठाणे अंमलदाराने फोन उचलला, तर त्याच कोरड्या ओळीचा अर्थ बदलतो. कोणीतरी आपली वाट पाहते आहे, एवढा तो अर्थ.

पोलिसांविषयी लिहिणाऱ्यांनी वीरमरणाची वाट पाहू नये. कोठडीतल्या किंकाळीपर्यंतही थांबू नये. रवाना आणि परत या दोन शब्दांमधले तास अजून कोणी नीट लिहिलेले नाहीत. शोकसलामीच्या यादीत ज्यांची नावे येतात, त्यांची गोष्ट त्याच तासांत घडलेली असते. ज्यांची नावे त्या यादीत कधीच आली नाहीत, कारण कोणीतरी वेळेवर ‘थांब’ म्हणाले, त्यांचीही गोष्ट तिथेच आहे. ती लिहायला आता निवृत्त जमादारांनी आणि पोलिसांच्या घरातल्या मुलामुलींनी बसावे. त्यांच्याकडे जे आहे ते बाहेरच्या लेखकाला कल्पनेने मिळणार नाही.